सालीतला धूर

न्यूरियाने बादलीवरचं फडकं सोडलं, वर तरंगणारा सालींचा थर पळीने बाजूला सारला आणि खालची वाइन गाळणीतून पेल्यात घेतली. बारा दिवसांपूर्वी मळ्यातले पाच किलो घड तोडून तिने ही बादली न्हाणीघरात आंबवायला ठेवली होती. बाकीच्या पिकाचं काय होणार, ते एवढ्यावरून कळणार होतं. रंग पिकल्या जांभळासारखा उतरला होता.

टेबलापलीकडे तिचा बाप, गोदेरिक, दोन्ही तळवे लाकडावर टेकवून बसला होता. दोन हिवाळ्यांपूर्वीच्या तापात त्याची वासाची जाण गेली ती परत आली नाही. जिभेला गोड, आंबट, तुरट एवढं कळायचं. बाकी सगळं बंद. पन्नास वर्षं वाइन केलेला माणूस तेव्हापासून मुलीच्या नाकावर चालत होता.

"बोल," तो म्हणाला.

न्यूरियाने घोट घेतला. आधी काळी चेरी आली, मग डोंगरातल्या रानओव्याचा वास, दरवर्षी येतो तसाच. क्षणभर तिला हायसं वाटलं. तिने घोट गिळला, आणि मग ते आलं. विझल्या चुलीतली राख कुणी चिमटीने जिभेवर ठेवावी तसं. दोनदा आवंढा गिळला तरी जाईना.

"अजून कच्ची आहे," ती म्हणाली. "आत्ताच काही सांगता येत नाही."

"पण वाईट नाही ना?"

"रंग फार सुंदर आलाय, पापा."

तो हसला. "रंग मलाही दिसतो, बये."

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात खिंडीपलीकडे वणवा पेटला होता. उत्तरेकडून येणाऱ्या त्रामोंतान वाऱ्याने तो दोन दिवसांत झुडपांचा अख्खा डोंगर खात त्यांच्या मळ्यापर्यंत आणला, आणि मळ्यापाशी तो अडला. हिरव्या वेली सहसा पेट घेत नाहीत, आणि ओळींमधलं गवत मेंढ्यांनी उन्हाळ्याआधीच खाऊन साफ केलं होतं. मळ्याच्या खाली गाव. गावातलं एकही घर गेलं नाही. मग वारा पडला, आणि धूर चार दिवस दरीत बसून राहिला. द्राक्षांचे मणी तेव्हा नुकते रंग धरत होते.

वीस वर्षं गोदेरिकने मळ्यात विषाचा थेंब पडू दिला नव्हता. भुरीला गंधक, किडीला पाखरं, खताला मेंढ्या. लोक हसले, त्याने हसू दिलं. आपल्या मातीत काय पडू द्यायचं नाही हे आपल्या हातात असतं, असं तो म्हणायचा.

दुसऱ्या दिवशी न्यूरियाने त्याच बादलीतली एक बाटली भरून शहरातल्या प्रयोगशाळेकडे पाठवली. नावाच्या रकान्यात सवयीने बापाचं नाव आणि घरचा फोन लिहिला गेला. कुठेतरी तिला वाटत होतं की आपली जीभ चुकली असेल.

"पोरी, बाप कुठाय तुझा?" मंगळवारी फिर्मिन फाटकातूनच ओरडला. तो निवृत्त पोस्टमन. त्याचं घर गावातलं सगळ्यात वरचं, मळ्याला लागून. वणव्याच्या दिवशी त्याच्या खिडक्यांच्या झडपांचा रंग उष्णतेने फुगला, एवढंच त्याचं नुकसान.

"वर मळ्यात. द्राक्षं पिकली का, ते बिया चावून बघतोय."

"त्याला सांग, शनिवारी तोडणीला आम्ही येतोय. अख्खं गाव. चौतीस डोकी झाली. मजुरीचं नाव काढायचं नाही, आणि जेवणही आमचंच. आमची रोझेत कालपासून कांदे चिरतेय."

"फिर्मिनकाका, अहो, ऐका तरी..."

"काही ऐकायचं नाही. वीस वर्षं तुझ्या बापाला मी मेंढपाळ म्हणून चिडवलं. हा कसली वाइन करतोय, लोकर विकायला बसणार, म्हणायचो. त्या मेंढ्यांनी माझं घर वाचवलं, पोरी." तो टोपी काढून उगाचच झटकायला लागला. डोळे पुसायचे होते, ते टोपीआड पुसून घेतले.

"सांगते त्याला," न्यूरिया म्हणाली.

ती वर मळ्यात गेली. काळ्या पाटीच्या दगडांतून उन्हाची धग पायांना लागत होती. कारिन्यान जातीच्या जुन्या वेलींवर घड गच्च लटकले होते. एक मणी फुटलेला नाही, एक पान पिवळं नाही. गोदेरिकने तिच्या तळहातावर तीन मणी ठेवले.

"खा. अशी साल दहा वर्षांत आली नव्हती."

तिने खाल्ले. गोड, स्वच्छ, धुराचा मागमूस नाही. तोच तर डाव होता. धूर सालीत साखरेला धरून गप्प बसतो आणि आंबवल्यावर सुटतो. पांढरी वाइन असती तर साल लगेच बाजूला काढली असती. लाल वाइनला रंग, जोर, चव, सगळं सालीतूनच येतं.

"खरंच," ती म्हणाली.

खाली येताना तिने मनाशी ठरवलं. शनिवारी तोडणी होऊ द्यायची. त्याला त्याच्या गावासोबत एक दिवस मिळू द्यायचा. वाइन पिंपांत भरायची आणि भर हिवाळ्यात कधीतरी सांगायचं, पिंपात बिघडली. पिंपाला दोष देता येतो. पिंप धुता येतं.

शुक्रवारी दुपारी तिने विचारलं, "घरी कुणाचा फोन आला होता का?"

"नाही," गोदेरिक म्हणाला, आणि कात्र्यांना धार लावत राहिला.

शनिवारी सकाळी सातला ती रिकाम्या क्रेट्सनी भरलेली ट्रॉली घेऊन वर पोचली, तेव्हा गाव आधीच जमलं होतं. उन्हाच्या टोप्या, जुने बूट, थट्टामस्करी. गोदेरिक दगडी बांधावर उभा होता. ट्रॅक्टर दिसताच त्याने हात वर केला.

"क्रेट्स उतरवू नकोस, न्यूरिया."

मग तो लोकांकडे वळला. "घड कापायचा आणि खाली टाकायचा. ओळीतच, मातीवर."

दोघं-तिघं हसले. "सकाळी सकाळीच लावलीस की काय?" फिर्मिन म्हणाला.

"गुरुवारी प्रयोगशाळेतून फोन आला. धूर सालीत उतरलाय. याची वाइन होणार नाही." तो पत्र वाचून दाखवावं तसं सांगत होता. "वेलीवर ठेवले तर तिथेच कुजतील, वेलींना जाच होईल. आम्हा दोघांच्याने हे उरकणार नाही. तुम्ही आलाच आहात म्हणून सांगतो. ज्याला जायचं त्याने खुशाल जावं, माझा राग नाही."

न्यूरिया ट्रॅक्टर बंद करून खाली उतरली आणि त्याच्याजवळ गेली.

"तुला गुरुवारपासून माहीत होतं?"

"तुला कधीपासून?"

"बादली उघडली तेव्हापासून," ती म्हणाली.

"म्हटलं, दोन रात्री तरी पोरीला झोपू द्यावं," तो हळूच म्हणाला. "झोपलीस कुठे तू!"

फिर्मिन पुढे आला. त्याचा चेहरा उतरला होता. "काहीच करता येत नाही? काही औषध, काही..."

"नाही."

"म्हणजे आमची घरं राहिली आणि तुझं..."

"अरे, धूर काय तू फुंकलास? जा, ती तिसरी ओळ घे."

कुणी गेलं नाही. मग रोझेत, फिर्मिनची बायको, पहिल्या वेलीपाशी वाकली आणि तिने एक घड कापला. तो दगडांवर पडल्याचा आवाज झाला, ओला आणि जड. त्यानंतर ओळीओळीतून तेच आवाज येऊ लागले. रोझेतने एक मणी तोंडात टाकला.

"किती गोड आहेत," ती म्हणाली.

न्यूरिया फिर्मिनच्या समोरच्या बाजूने कापत होती. त्याला घड टाकवत नव्हता. दर वेळी तो गुडघ्यावर हात देऊन खाली वाकायचा, घड मातीवर नीट ठेवायचा, मग पुढचा कापायचा.

"टाक सरळ," गोदेरिक पलीकडून म्हणाला. "असा एकेक ठेवत बसलास तर नाताळ उजाडेल."

"उजाडू दे."

दुपारपर्यंत वरचा उतार रिकामा झाला. दगडांवर रस वाळून काळा पडत होता, गांधीलमाश्या जमल्या होत्या, सगळ्यांच्या बोटांना जांभळा डाग होता. ओकच्या सावलीत ताटं मांडली गेली. पहिल्यांदा कुणी हात घालायचा, हे कुणालाच ठरवता येत नव्हतं. गोदेरिकने पाव मोडला आणि शेजारी दिला, तेव्हा बाकीचे जेवू लागले. खालच्या ओळी तिथून दिसत होत्या, अजून भरलेल्या.

फिर्मिनने ताट खाली ठेवलं.

"उद्या किती वाजता?"

गोदेरिकने मान वळवली आणि मुलीकडे पाहिलं.

"सातला," न्यूरिया म्हणाली. "ऊन व्हायच्या आत."