भट्टीचा कोपरा

रचना पावशेनं इमारतीच्या पायाचं मॉडेल कॉम्प्युटरवर तिसऱ्यांदा चालवलं आणि तिसऱ्यांदाही तेच चित्र आलं. स्क्रीनवर अख्खी राफ्ट हिरवीगार, मधोमध जराशी पिवळट, लाल ठिपका म्हणून कुठं नाही. बिल्डरला दाखवायला याहून देखणं चित्र मिळणं कठीण. बेळगावच्या टिळकवाडीतल्या त्या दोन खोल्यांच्या ऑफिसात असं चित्र आलं की प्रिंट काढायची, मालक राघवेंद्र हेरेकरांपुढं ठेवायची, सही झाली की फाइल बंद, अशी रीत होती. सात वर्षं रचनानं ती पाळली होती. त्या दिवशी मात्र तिचा हात प्रिंटकडं जाईना.

कारण प्लॉट ओळखीचा निघाला होता. उचगावच्या वाटेवर, चिंचेजवळचं सपाट रान. रोज स्कूटरवरून ती त्याच्यासमोरून यायची-जायची. सकाळी डबा भरताना तिनं आईला सहज सांगितलं, की त्या रानात पाच मजली इमारत होणार आहे आणि तिचा पाया मी करते आहे. अंबुबाईचा भाकरी थापणारा हात थांबला.

"कुठलं? मष्णूच्या भट्टीचं रान?"

"भट्टी कुठाय तिथं? सपाट रान आहे."

"आता हाय सपाट. तू पोटात हुतीस तवा मी तिथं माती वाहत हुतो. विटंला माती काढून काढून मागच्या डाव्या अंगाला ह्यो मोठा खड्डा झालता. भट्टी मोडली तवा राख, फुटक्या विटा, गावचा केर, समदं त्यातच लोटलं. वरनं माती पसरली, झालं रान."

ते ऐकल्यापासून रचनाला ते हिरवं चित्र बघवत नव्हतं.

राफ्ट म्हणजे साऱ्या इमारतीखाली घातलेला काँक्रीटचा एकसंध जाड थर. सगळे खांब त्याच्यावर उभे, आणि तो मातीवर. सॉफ्टवेअरमध्ये मात्र माती नसते, मातीच्या जागी हजारो स्प्रिंगा असतात. त्या किती ताठ धरायच्या ते माणसानं सांगायचं, आणि माणूस ते मातीच्या रिपोर्टवरून सांगतो. या रिपोर्टात जमिनीला दोन भोकं मारलेली होती, दोन्ही रस्त्याच्या बाजूला, जिथं यंत्राची गाडी सरळ येऊन उभी राहिली असेल. दोन्हींत पाच फुटांखाली घट्ट मुरूम. म्हणून सगळीकडं एकच आकडा, सगळ्या स्प्रिंगा सारख्या ताठ, आणि सगळी राफ्ट हिरवी. सॉफ्टवेअरचा काही दोष नव्हता. त्याला जी माती सांगितली ती त्यानं मुकाट मानली होती.

रचनानं फाइलची दुसरी प्रत केली. प्लॉटच्या मागच्या डाव्या कोपऱ्यात अंदाजानं सहा मीटर बाय सात मीटरचा तुकडा निवडला आणि तिथल्या स्प्रिंगा ढिल्या केल्या, भरावाच्या मातीला शोभतील इतक्या. मॉडेल चालवलं. कोपरा लालभडक झाला. तिथं राफ्ट शहाऐंशी मिलिमीटर खचत होती, रस्त्याच्या बाजूला एकवीस. वीस मीटरच्या अंगाला दोन टोकांत बेचाळीसपेक्षा जास्त फरक नियमाला चालत नाही, इथं पासष्ट दिसत होता. इमारत पडली नसती कदाचित. पण भिंती चिरल्या असत्या, लिफ्ट अडकली असती, आणि मागच्या खांबांत कुणाला दिसणार नाही असं काहीतरी दरवर्षी थोडं थोडं मोडत गेलं असतं.

दोन्ही प्रिंट घेऊन ती राघवेंद्र सरांपुढं उभी राहिली. सर साठीला टेकलेले. हाताखालच्या माणसावर कधी आवाज चढवायचे नाहीत, म्हणून त्यांच्याशी भांडणंही अवघड.

"हा ढिला आकडा कुठून आणलास?"

"आईनं सांगितलं."

सरांनी चष्मा काढला. "रचना, बांधकामाच्या कोडमध्ये आई हा क्लॉज मला अजून सापडलेला नाही."

"म्हणून तर म्हणते, त्या कोपऱ्यात तिसरं भोक मारू. माझं खोटं ठरलं तर हिरव्या प्रिंटवर पहिली सही माझी."

सरांनी तिच्यासमोरच बिल्डर ओमकारला फोन लावला. पलीकडून मिक्सरच्या घरघरीवर मात करत आवाज आला, "अण्णा, सही-शिक्क्याचा रिपोर्ट हाय की तुमच्याकडं! परवा खड्ड्यात पीसीसीचं काँक्रीट ओततोय, दसऱ्याला पहिला स्लॅब. आता कसलं भोक?"

फोन खाली ठेवून सरांनी हिरवी प्रिंट पुढं ओढली. मग म्हणाले, "हिरवी फाइल पाठव. दुसरी डिलीट कर."

"डिलीट करणार नाही, सर."

"बरं, ठेव. ड्रॉइंग जाऊ दे."

"ड्रॉइंगवरच्या डिझाइनच्या चौकटीत माझं नाव जाणार नाही."

"नसेल तर नसू दे. खाली माझी सही आहे."

"तीच जाऊ नये असं म्हणतेय मी."

सर खिडकीकडं वळले. ड्रॉइंग दुपारी गेलं. तिच्या नावाची चौकट कोरी ठेवून त्यांनी ते बिल्डरला आणि महापालिकेला स्वतःच पाठवलं.

नाव काढून घेतलं की आपण सुटलो असं रचनाला वाटलं होतं. संध्याकाळी स्कूटरवरून घरी जाताना प्लॉटवरचा फलक दिसला. 'बुकिंग सुरू', आणि गॅलरीत हसत उभं असलेलं चौघांचं कुटुंब. त्या चौघांना कुठं ठाऊक, की एका चौकटीत नाव नाही आणि का नाही? तिला स्वतःचीच चीड आली. नाव काढून घेणं म्हणजे पळून जाणंच होतं, फक्त जरा सभ्यपणे.

घरी आल्या आल्या ती आईला म्हणाली, "परवा माझ्यासंगं येशील?"

"कशाला?"

"भट्टीची जागा दाखवायला."

अंबुबाईनं पदर खोचला. "व्हय की. त्यात काय!"

ठरल्या दिवशी सकाळी दोघी पोचल्या तेव्हा पाच फूट खोल, चौकोनी खड्डा तयार होता. तळाला लालसर मुरूम दिसत होता, आणि त्यावर पीसीसीचा, म्हणजे राफ्टखालच्या पातळ काँक्रीटचा थर ओतायला गाडी फाटकात आली होती. रचना खड्ड्यात उतरली. रस्त्याकडचा तळ खडबडीत, जेसीबीच्या दातांचे ओरखडे असलेला. मागच्या डाव्या कोपऱ्यात मात्र ताजा मुरूम पसरून, पाणी मारून, रोलर फिरवलेला होता. अगदी अंगणासारखा गुळगुळीत.

जेसीबी चालवायला ओळखीचा भरमू होता. तिनं खालूनच विचारलं, "भरमूअण्णा, एवढ्याच कोपऱ्यात मुरूम का टाकला?"

भरमूनं उत्तर द्यायच्या आधी ओमकारकडं बघितलं. रचनाला उत्तर मिळालं.

ओमकार काठावर आला. "मॅडम, ड्रॉइंग अण्णांचं. तुमचं त्यावर नावपण न्हाय. तुम्ही कोण मग हितं?"

"नाव नाही म्हणूनच आले. हा कोपरा उकरून बघितल्याशिवाय काँक्रीट ओतायचं नाही."

"रिपोर्ट खोटा म्हणताय?"

"रिपोर्ट खरा आहे, रस्त्याकडचा. या कोपऱ्याचा रिपोर्टच नाही."

ओमकारनं गाडीवाल्याला हात केला. गाडी मागं सरकायला लागली. तोवर अंबुबाई चिंचेच्या बुंध्यापासून पावलं टाकत निघाली होती. कुणाकडं न बघता ती मातीच्या उतारावरून खड्ड्यात आली, गुळगुळीत मुरमावर मधोमध थांबली, टाच आपटून बघितली आणि तिथंच मांडी घालून बसली.

"हितं. आता वत काय वतायचं ते."

"ए आक्का, उठ! ऊन चढायच्या आत काम व्हायचंय."

"मला उनाचं काय सांगतोस रं? ह्याच जागंवर उनातच माती वाहिल्या मी."

रचना आईच्या शेजारी जाऊन बसली. आपली नोकरी जाणार हे तिला साफ दिसत होतं, आणि तरी सात वर्षांत पहिल्यांदाच तिला आपण पक्क्या जागी बसलोय असं वाटत होतं. काठावर गवंडी जमले. कुणी हसलं, कुणी मोबाइल काढला. गाडीचा ड्रम गरगरत राहिला. ओमकारनं राघवेंद्र सरांना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "तुमची बाई खड्ड्यात बसल्या, येऊन उचला."

सर पाऊण तासात आले. रचनाला वाटलं, आता पहिल्यांदा ओरडतील. पण त्यांनी तिच्याकडं बघितलंच नाही. उतारावरून, बुटांची पर्वा न करता, खाली आले आणि अंबुबाईसमोर उकिडवे बसले.

"किती खोल होता खड्डा?"

"फूट-मीटर मला कळत न्हाय. पर शिडीनं उतरत हुतो. अकरा पायऱ्या. बुट्टी डोक्यावर घेऊन अकरा चढायच्या, दिवसभर."

सरांचे ओठ हलले. अकरा पायऱ्या म्हणजे अकरा फुटांच्या आत-बाहेर. पाच फूट खोदून झालेलं, म्हणजे खाली निदान सहा फूट भराव. त्यांनी हा हिशेब केलेला रचनानं त्यांच्या चेहऱ्यावर वाचला.

"आक्का, जरा बाजूला बसता?" ते म्हणाले, आणि वर बघून, "भरमू, इथं दोन बकेट काढ."

"अण्णा!" ओमकार ओरडला.

"दोनच. मुरूम निघाला तर मी स्वतः माफी मागतो, सगळ्यांसमोर."

पहिल्या बकेटीत वरचा फूटभर मुरूम आला आणि त्याखालून करडी राख. दुसऱ्या बकेटीत फुटक्या विटा, प्लॅस्टिकच्या पिशव्या, एक रेक्झिनची चप्पल. भरमू थांबला नाही. न सांगता त्यानं तिसरी मारली, चौथी मारली. जेसीबीचा हात जवळजवळ पुरा आत गेला तरी खाली खट्ट असा आवाज येईना. खड्ड्यात काळं पाणी झिरपायला लागलं. काठावर हसणारे गवंडी वाकून बघू लागले.

सरांनी चिमूटभर राख उचलली, बोटांत चोळली, आणि तशीच बोटं धरून उभे राहिले.

ओमकारच पहिल्यांदा सावरला. "ठीक हाय. मोठं दगड टाकून दाबून घेतो. चार गाड्या. दुपारी पीसीसी."

"नाही," रचना म्हणाली. "मुरूम लागेपर्यंत सगळं काढायचं, मग थराथरानं पक्कं भरायचं. त्यानंतर मी मॉडेल नव्यानं चालवणार. तोवर नाही."

"तीन आठवडं जातील त्यात!"

"जाऊ देत."

"मग मी दुसरा इंजिनीअर बघतो. बेळगावात काय एकच हाय?"

"बघा. पण आमच्या सहीचं ड्रॉइंग महापालिकेत गेलंय. ते मागं घेतल्याचं पत्र आजच जाईल, सोबत या खड्ड्याचे फोटो आणि लाल प्रिंट. नवा इंजिनीअर आधी तेच वाचेल."

हे बोलताना तिनं सरांना विचारलेलं नव्हतं. सही त्यांची लागणार होती. तिनं त्यांच्याकडं वळून बघितलं. खड्ड्यात सगळे त्यांच्याकडंच बघत होते.

"लेटरहेड आणलंयस?" सरांनी विचारलं.

"आणलंय. मजकूर पण टाइप केलाय."

"म्हणजे माझी वाट बघत नव्हतीस."

"सहीची बघत होते."

सरांनी राखेची बोटं रुमालाला पुसली, वर येऊन स्कूटरच्या सीटवर कागद ठेवला, शेवटपर्यंत वाचला आणि सही केली. निघताना फक्त एवढंच म्हणाले, "नव्या ड्रॉइंगमध्ये चौकट कोरी ठेवायची नाही." रचनाच्या डोळ्यांत पाणी आलं, त्याचा तिला रागही आला, आणि तिनं हेल्मेट चढवून टाकलं.

ओमकारनं खरंच दुसरे इंजिनीअर बघितले. एकानं पत्र वाचून फाइल परत केली. दुसऱ्यानं रचनालाच फोन करून मॉडेल मागितलं. तिनं लाल फाइल पाठवली, त्याचा पुन्हा फोन आला नाही. गावात बोलवा झाली, की पावशे बाईकडं काम देऊ नका, ती खड्डे उकरत बसते. ऑफिसला येऊ घातलेली दोन कामंही गेली. सोळाव्या दिवशी ओमकारचा फोन आला. आवाजात गोडवा नव्हता, पण गुर्मीही उरली नव्हती. "काढायला लावलंय समदं. कुठवर काढू ते येऊन सांगा."

तिनं फोनवर अजून फूटभर काढायला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी गेली. कोपरा आता विहिरीसारखा दिसत होता. पंपानं पाणी उपसून झालेलं, आणि कडेला राखेचा आणि विटांचा माणसाहून उंच ढीग. रचना शिडीनं उतरली, भरमूच्या हातातली पहार घेतली आणि ठिकठिकाणी मारून बघितली. तीन ठिकाणी पहार टणकन वाजली. चौथ्या ठिकाणी आत रुतली.

"अजून फूटभर," ती खालून म्हणाली.

"मॅडम, कालपण तुम्ही फोनवर फूटभरच म्हणालात!" ओमकार काठावरून ओरडला.

"उद्या पण म्हणेन," रचना म्हणाली, आणि पहार उचलून पाचव्या ठिकाणी मारली.