तिसऱ्या पायाखालचा पत्रा

मित्रांनो, माझे तोंड एवढे मोठे आहे की त्यात तुमच्या शाळेचे अंगण मावेल. पण त्या तोंडातून आजवर एक शब्द फुटलेला नाही. न्यू मेक्सिकोच्या उंच माळावरची मी अकरा नंबरची रेडिओ दुर्बीण. मला फक्त ऐकता येई, आणि ते मी चाळीस वर्षे मन लावून केले.

आम्ही अठरा बहिणी. आम्हाला रुळांवरून कधी जवळजवळ, तर कधी कोसभर अंतरावर नेऊन उभे करतात. एकटीला काहीच नीट कळत नाही. सगळ्यांनी ऐकलेले जुळवले की आकाशाचे एक चित्र तयार होते. म्हणून प्रत्येकीचे पाय कुठे टेकले आहेत, हे केसभरही चुकून चालत नाही. जागा बदलली की पूर्ण दिवस मोजणी करायची आणि पायाला कुठेही हात लावला तरी वहीत लिहायचे, असा इथला रिवाज आहे.

माझे पाय टेकवण्याचे काम एलॉय बाका यांचे. त्यांचे आजोबा याच माळावर मेंढ्या राखत. शेवटचा बोल्ट आवळला की ते माझ्या तिसऱ्या पायावर पान्याने दोनदा ठोकत आणि म्हणत, "उभी राहा गं म्हातारे, गाई आल्या तरी हलू नकोस." मी तेव्हा तरणी होते, तरी मला म्हातारीच म्हणत. मला ते आवडायचे.

आदेला लुहान ही खालच्या गावची मुलगी शिकून आमच्याकडे आली. एलॉयना ती इथल्या रीतीने आदराने 'डॉन एलॉय' म्हणे. ती मरणाऱ्या ताऱ्यांचा अभ्यास करी. मित्रांनो, म्हातारा तारा शेवटी आपल्या अंगावरचा वायू आकाशात सोडून देतो. काही तारे तो चहूकडे सारखा सोडतात. काही मात्र दोनच बाजूंना सोडतात, आणि मधे आवळलेली कंबर राहते. डमरूच म्हणा ना. असा एक डमरू ऐकण्यासाठी आदेलाला दोन वर्षे थांबून एक दिवस मिळाला होता.

आदल्या दिवशी माझी मोजणी झाली. ऐकण्याच्या दिवशी पहाटेपासून वारा उठला आणि माझा तिसरा पाय किंचित डुगडुगू लागला. एलॉयनी खिशातून नखाएवढ्या जाडीचा लोखंडी पत्रा काढला, पायाखाली सरकवला आणि बोल्ट आवळला. मग वही उघडली. बराच वेळ ती तशीच हातात धरली आणि मिटून टाकली. पान्याने ठोकायलाही ते विसरले.

त्या दिवशी तीन हजार वर्षे प्रवास करून आलेल्या लहरी माझ्यावर पडल्या, आणि मी त्या वाकड्या ऐकल्या.

चित्रात डमरूची एक बाजू लांब आणि फिकट आली. आदेला हरखून गेली. ताऱ्याला शेजारचा कुणी लपलेला तारा ओढतो आहे, असे तिने जगाला सांगितले. तिची पाठ थोपटली गेली. माझ्या पायाखाली मात्र तो पत्रा तसाच होता. सहा महिन्यांनी दुसऱ्या देशातल्या दुर्बिणींनी तोच डमरू ऐकला. त्यांना दोन्ही बाजू सारख्या दिसल्या.

मग तपास होऊन दोष माझ्यावर आला. आमचे प्रमुख हार्लन स्टोक्स आदेला आणि एलॉय यांच्यासोबत माझ्या सावलीत उभे राहून म्हणाले, "अकरा नंबर मोडीत काढू. सुटे भाग बाकीच्यांना होतील."

एलॉयची निवृत्ती तीन आठवड्यांवर आली होती. निरोपाच्या जेवणासाठी मेंढासुद्धा ठरला होता. गप्प बसले असते तर कुणाला काही कळले नसते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

"हिचा दोष नाही. मोजणी झाल्यावर तिसऱ्या पायाखाली मी पत्रा घातला."

"वहीत का नाही लिहिलं?" हार्लननी विचारले.

"लिहिलं असतं तर परत मोजणी आली असती. पोरीचा दिवस गेला असता."

आदेला म्हणाली, "दिवस मी परत मागितला असता, डॉन एलॉय. आणखी दोन वर्षं थांबले असते. आता सहा महिने मी लोकांना खोटं सांगत फिरले."

"हो," एलॉय म्हणाले. "आणि मी ते ऐकत राहिलो."

ती गुडघ्यांवर बसली आणि माझ्या पायाखाली बोटे घालून पत्रा चाचपला. "पाना द्या इकडे," ती म्हणाली. "धरा तुम्ही. दोघं मिळून काढू."

माझे मरण टळले. आदेलाने स्वतःच्या नावाने चुकीची कबुली छापली. दुसरा दिवस मिळायला तिला तीन वर्षे लागली. दोन्ही बाजू सारख्या, कंबर घट्ट, असे ते चित्र आले. त्यात नवे काहीच नव्हते. ते घेऊन ती माळावर आली तेव्हा एलॉय निवृत्त होऊन गेले होते. तिने पाना घेतला आणि माझ्या तिसऱ्या पायावर दोनदा ठोकला.

आता मी खरोखरच म्हातारी झाले आहे. माझे कान, म्हणजे लहरी पकडणारी यंत्रे, काढून घेतले आहेत आणि गाई माझ्या पायांना पाठ घासतात. मित्रांनो, एलॉयनी मायेपोटी केले, यात मला शंका नाही. तरी माझे एवढे ऐका. आमच्या पायाखाली कधी काही घातलेत, तर ते लिहून ठेवा. आम्हाला सांगता येत नाही.