गोधडीआडची ऊब

गोडादऱ्याच्या वस्तीत दुपारी कापडाच्या लूमची खडखड अशी एकसारखी चालते की तान्ह्या बाळांना तीच अंगाई वाटते. पुष्पाबाईंची धाकटी सून नीलम सात दिवसांची बाळंतीण. खोलीच्या दाराला दुहेरी गोधडी, आत शेगडी, निखाऱ्यावर ओवा. दाराबाहेर न्हाणाचं पाणी तापत होतं, आणि वाफेपासून हातभर लांब नात सोनाली लॅपटॉपपुढे रडकुंडीला आली होती.

"काय व्हयनं वं, रडतेस कशाला? तारा विझला का तुझा?" पुष्पाबाईंनी विचारलं.

"आजी, विझायला आधी जन्मावा लागतो." सोनालीनं स्क्रीनवर बोट ठेवलं. धुळीच्या काळ्या ढगात पाण्याच्या वाफेचा एक ठिपका रेडिओ लहरींत लखलखत होता. शेजारी नवा तारा जन्मत असला की वाफ अशी चमकते. "पण ताऱ्याची ऊब टिपणाऱ्या चित्रात तिथं काहीच नाही. पाच वाजता सरांना नव्या ताऱ्यांची यादी पाठवायचीय. हा ठिपका खोडूनच टाकते. दोन महिने घातले मी यात."

पुष्पाबाईंना अक्षरं जेमतेम लागत. पण गल्लीतली अर्धी पोरं त्यांच्याच पायांवर न्हाली होती. बघता बघता तो ढग त्यांना ओळखीचा वाटू लागला. आभाळात कुणीतरी दाराला गोधडी टांगलीय, बाहेर हंडा उकळतोय, आणि आत, कुणीही न पाहिलेलं, काहीतरी इवलंसं हळूहळू तापतंय.

त्यांनी सोनालीचा हात ओढून गोधडीवर ठेवला. "लागते ऊब?"

"नाही."

"मग आत शेगडी नाही? नीलम नाही? पाणी काय मी हौसेनं तापवते? एवढं शिकलीस, अन् गोधडीची जाडी कळंना तुला!"

सोनाली स्क्रीनकडे वळली. धुळीच्या जाड थरातूनही पार येणाऱ्या, आणखी लांब लहरींचं एक चित्र तिच्याकडे होतं. अंधुक असतं, त्यात काय दिसणार, म्हणून तिनं उघडलंच नव्हतं. आता उघडलं. ठिपक्याच्याच जागी राखेखालच्या निखाऱ्यासारखा एक पुसट डाग होता.

"आहे, आजी!"

"मला काय सांगतेस? सरांना कळव. बाकी सव्वा महिना बोभाटा नको, दृष्ट लागते."

"त्याचा सव्वा महिना म्हणजे लाखभर वर्षं."

"असू दे. घाई कुणाला आहे?"

आत बाळ रडलं. पुष्पाबाईंनी पाण्यात कोपर बुडवून पाहिलं, गोधडीची कड जेमतेम उचलली आणि वाफेसकट आत गेल्या.