दिवसाढवळ्या चंद्र

मी एक जुनी दुर्बीण आहे, मित्रांनो, पण मला बिचारी म्हणू नका. बेळगावच्या एका निवृत्त शिक्षकांनी जाड पाइपात भिंगं बसवून मला घडवलं आणि जांबोटीच्या शाळेला भेट दिलं. त्या दिवशी मला हार घातला, फोटो काढले. मग लेझमींच्या शेजारी कपाटात ठेवून कुलूप लावलं.

चंद्र बघायला रात्रच हवी, असं सगळे धरून चालले होते. इथल्या मुली रानातल्या वाड्यांवरून येतात. संध्याकाळची बस चुकली, की गव्यांच्या वाटेनं चालत जावं लागतं. त्यांना रात्रीपर्यंत थांबवून घेणार कोण? पावसाळे आले नि गेले. माझ्या भिंगावर बुरशी चढली. मी आतल्या आत धुमसत राहिले.

यंदा मुख्याध्यापक नागेंद्र सरांनी मला शहरातल्या शाळेला द्यायचं ठरवलं. विज्ञानाच्या स्वरूपाबाई सरांसमोर मला पुसून तयार करत होत्या, तेवढ्यात आठवीतली प्रियदर्शनी दारात येऊन उभी राहिली.

"सर, दुर्बीण न्यायची न्हाय."

"अगं, रात्री तुम्ही थांबणार न्हाय. मग हितं ठेवून काय करायचं?"

"रात्री कशाला? शाळंला येताना चंद्र वर होता की. अर्धा. अजून हाय, बघा."

सर हसले. "दिवसाचा चंद्र फिका असतोय. त्यात काय दिसणार?"

"आमास्नी बघू तर द्या. न्हाय दिसला तर खुशाल न्या."

बाईंनी परवानगीची वाट पाहिली नाही. मला उचललं आणि इमारतीच्या सावलीत, पश्चिमेकडं तोंड करून उभं केलं. "सूर्याकडं दुर्बीण चुकूनही वळवायची नाही, डोळे जातील," त्यांनी भोवती जमलेल्या मुलांना बजावलं.

प्रियदर्शनीनं डोळा लावला.

"बाई, खड्डे हैत. लई हैत."

"आकाशातले दगड आदळून पडलेत ते. तिथं वारा नाही, पाऊस नाही; मग बुजणार कसे? काळे डाग म्हणजे जुन्या लाव्हारसाची मैदानं."

"आणि उरलेला अर्धा कुठं गेला?"

"कुठंच नाही. चंद्र अख्खाच आहे. सूर्य त्याची एक बाजू उजळतो. चंद्र पृथ्वीभोवती फिरतो, म्हणून त्या उजळ बाजूचा कधी कमी, कधी जास्त भाग आपल्याला दिसतो. उजेड-अंधाराच्या कडेला सावल्या लांब पडतात, तिथंच खड्डे छान दिसतात. पुनवेला सगळं सपाट वाटतं."

माझ्यामागं रांग लागली. शेवटी सर आले. चष्मा काढून वाकले आणि वाकलेलेच राहिले.

"उद्या परत लावा," ते म्हणाले.

"उद्या कोर आणखी बारीक होईल," बाई म्हणाल्या.

"मग रोज लावा. मी शहरातल्या शाळेला फोन करून सांगतो, दुर्बीण मिळणार न्हाय म्हणून."

मित्रांनो, तुमच्याही शाळेत असं कुणीतरी कुलपात असेल. का ठेवलंय, ते विचारा. उत्तर पटलं नाही, तर पुन्हा विचारा. आमची काच मऊ कापडानं पुसा, ओल लागू देऊ नका, काम झालं की झाकण लावा. पण जपायचं म्हणून कोंडू नका. तुमच्या हातात झिजले तरी चालेल. नुसतं पडून राहणं मला मान्य नाही.