वावरांची नावं

पौषातल्या कोवळ्या उन्हात तुरीच्या वाळक्या काडीचं, तुराटीचं टोक काळ्या मातीवर करकरत फिरायचं आणि हिवरखेडच्या आमच्या अंगणात वऱ्हाड उमटायचं. वर सातपुडा, खाली अजिंठ्याचे डोंगर, उगवतीला वर्धा, आणि मधून मावळतीकडे संथ निघालेली पूर्णा. बाबा निवृत्त भूगोलशिक्षक. नकाशा काढताना त्यांची बोटं विलक्षण हळुवार होत; माझ्या पाठीवरून ती तशी फिरल्याचं मला आठवत नाही.

नावांचा विषय निघाला की ते थांबत नसत. वरदेचा, म्हणजे वर्धेचा, तट तो वरदातट, त्याचंच झिजत झिजत वऱ्हाड झालं, हे एक मत. विदर्भाचाच तो अपभ्रंश, हे दुसरं. नदीकाठचा सखल पट्टा पयनघाट, दक्षिणेचं पठार बालाघाट. मग निजाम आला, मग इंग्रजांनी बेरार केलं. एवढं झालं की बाबांचे डोळे बारीक व्हायचे, वर्गातली प्रमाण भाषा गळून पडायची. "ज्यानं ज्यानं ह्या मातीले नाव इचारलं, त्यानं मंग तिले मोजलं," म्हणायचे. त्यांचा संशय साऱ्या इतिहासावर होता, तलाठ्यावर होता, आणि शेजाऱ्याने सरकवलेल्या बांधावर, आमच्या भाषेत धुऱ्यावर, तर रोजचाच होता.

माझ्यावरही आहे, हे मला फार उशिरा कळलं. वऱ्हाडातल्या स्थळनामांवर मी पुस्तक लिहीत होते. अमरावतीहून वही घेऊन गेले. आमच्याकडे प्रत्येक वावराला, म्हणजे शेताला, स्वतःचं नाव असतं. ते कुठल्या सरकारी कागदावर नसतं, घरातल्यांच्या तोंडी असतं. मी बाबांची एकुलती एक मुलगी. आमच्या वावरांची नावं विचारली आणि तुराटी थांबली.

"काहून इचारून राहिली? जवायानं पाठवलं काय तुले?"

"नाही बाबा, पुस्तकासाठी."

"पुस्तकासाठीच इंग्रजबी इचारत होता."

मला इतका राग आला की मी न जेवता निघाले. पण खरं सांगते, रागाच्या तळाशी लाज होती. कारण घरून निघताना नवरा म्हणाला होता, जातेच आहेस तर गट नंबरही विचारून ये. हे मी बाबांना सांगितलं नाही. त्यांनी मात्र ते माझ्या चेहऱ्यावर वाचलं असावं. पुढच्या प्रत्येक भेटीत त्यांनी मला वाकाटक दिले, इमादशाही दिली, अख्खा प्रांत उलगडून दाखवला. आपल्या वावरांपाशी आले की शाल सावरत आणि चहा मागत.

गेल्या माघात बाबा गेले. जमीन माझ्या नावावर झाली. सातबाऱ्यावरचे नंबर मला पाठ आहेत. वावरं नव्याने कसायला घेतलेल्या माणसाला मी जुनी नावं विचारली, तर तो म्हणाला, "ते मास्तरलेच ठाव होते जी. आता समदे ताईचं वावरच म्हंतात."

मी तिथेच धुऱ्यावर बसले आणि रडले. बाबांचा संशय खोटा होता, हे आता कुणाला पटवून देऊ? आणि कणभर खरा होता, हे कुणापाशी कबूल करू? काळाने बाबांना नेलं आणि त्यांची जमीन मला दिली. पण मी तिच्यात पाऊल ठेवते तेव्हा ती मला ओळख देत नाही.