चिकूवरचा मुका डबा

मित्रांनो, मी तेलाचा एक जुना डबा आहे. आता माझ्या पोटात तेल नाही, लाकडाचा ठोकळा आहे. गुजरातच्या वेशीवरच्या झाई गावात, किनाऱ्याजवळ नर्मदाआजींच्या वाडीत मी चिकूच्या झाडावर टांगलेला असतो. उथळ पाण्याला खळखळाट फार, असं म्हणून मला हसू नका. मी त्या खळखळाटावरच जगलो!

मला टांगलं आजींच्या यजमानांनी, धोंडूकाकांनी. माझा दोर त्यांनी थेट ओटीपर्यंत नेला. पोपट चिकूवर उतरले की आजी बसल्या जागेवरून दोर ओढायच्या. मी असा खडखडायचो की पोपट पार गुजरातच्या हद्दीत! "डबा नाय, गडी आहे माझा," काका कौतुकाने सांगायचे आणि मी फुगायचो.

मग काका गेले. मुलगा धनेश नोकरीसाठी वापीला राहू लागला. घर ओकंबोकं झालं. कधीकधी झाडावर एकही पोपट नसताना आजी दोर ओढायच्या. त्यांना कुणाचा तरी आवाज हवा असायचा.

धनेशने मागच्या खोल्यांत प्रवाशांसाठी स्वस्तात उतरायची सोय केली. आजी हरखल्या. "माणसं येतील, चार शब्द बोलतील," म्हणाल्या. तलासरीचा हायवे सोडून गाड्या वाडीत येऊ लागल्या. पण ही माणसं किनाऱ्याने लांबवर चालणारी, दुर्बिणीतून पाखरं बघणारी. आजींनी तोंड उघडलं की लगेच, "शू! आजी, पक्षी उडतील." धनेशने माझा दोर खांबाला करकचून बांधला. मी मुका झालो आणि आजीही.

परवा सकाळी शितल नावाची मुलगी मैत्रिणींबरोबर झाडाखाली हळद्या पक्षी बघत बसली होती. आजींनी चहा केला, हाताने खुणा केल्या. कुणी मान वळवली नाही. आजींनी खांबाची गाठ सोडली आणि सगळा जोर लावून दोर ओढला.

खडखडाट! पाखरं उडाली, मुली धावत आल्या. "काय झालं आजी? साप निघाला?"

"साप कुठला! चहा निवला," आजी म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले.

शितल ओशाळली. कॅमेरा बाजूला ठेवून ओटीवर टेकली. "आजी, तुम्ही एकट्याच राहता?"

झालं! आजी बोलत सुटल्या. धोंडूकाका, पोपट, मीसुद्धा त्यात आलो. बोलणं चालू असतानाच हळद्या फांदीवर परत येऊन बसला. कुणी "शू" केलं नाही.

दुपारी गाडी गेली. वाडी पुन्हा सुनी झाली.

मित्रांनो, पाखरं बघायला जरूर या. उडालेली पाखरं परत येतात, पण राहून गेलेलं बोलणं राहूनच जातं. माझा दोर अजून सुटाच लोंबतो आहे. आलात की आधी आजींना हाक मारा, म्हणजे त्यांना तो ओढावा लागणार नाही.