कळकलेला पाक

मित्रांनो, मी एक जुने पितळी पातेले आहे. अ‍ॅशबर्नमधल्या एका गॅरेजात, बर्फ उपसायच्या फावड्याशेजारी, सध्या पालथे पडून असते.

पुण्याच्या तांबट आळीत ठोके खाऊन मी घडले. रत्नाआजींनी मला साड्यांत गुंडाळून अमेरिकेत आणले. माझ्यात खीर आटली, पुरण शिजले. आतून मला कल्हई होती, म्हणजे कथलाचा पांढरा थर. तो अन्नाला पितळेपासून दूर ठेवतो. हळूहळू तो झिजला. इथे कल्हईवाला मिळेना, म्हणून आजींनी मला शोभेला शेल्फवर ठेवले. पाहुणे म्हणत, "वा, काय चमकतंय!" आत मात्र कोणी डोकावत नसे.

यंदा नाताळला आजींचा मुलगा देवांग याने ऑफिसातल्या मित्रांना जेवायला बोलावले. ओव्हनमध्ये हॅम, म्हणजे डुकराच्या मांडीचा खारवलेला तुकडा, भाजत होता. त्याला वरून लावायचा आंबट-गोड पाक सून आश्लेषा करणार होती: चिंच, गूळ, मोहरी, लाल तिखट. आजी देवळात गेल्या होत्या.

"चिंच-गूळ आपला, मग भांडंपण ट्रॅडिशनल हवं ना यार!" असे म्हणत आश्लेषाने मला उतरवले.

मी धास्तावले. चिंचेतले आम्ल पितळेतले तांबे विरघळवते. म्हणूनच तर चिंचेने घासल्यावर आम्ही लखलखतो. पण ते पाणी तुम्ही फेकून देता. हा पाक तर खायचा होता. तिने तो आटवला आणि दुपारभर माझ्यातच ठेवला. कडेला हिरवट रेघ उमटली. मला ओरडता येत नव्हते.

छोट्या नैनाने चमचा बुडवला. "मम्मा, कॅन आय लिक इट?"

"थोडंसंच हं."

तेवढ्यात आजी आत आल्या. त्यांची नजर त्या रेघेवर गेली.

"नैना, टाक तो चमचा! आश्लेषा, अगं कळकलंय हे!"

"काय कळलं, आई?" देवांगने विचारले.

"कळलं नाही रे गाढवा, कळकलं! कल्हई गेलेल्या पितळेत आंबट ठेवलं की विष होतं त्याचं."

"आई, हा शब्दच मी कधी ऐकला नाही," आश्लेषा कशीबशी म्हणाली. "आमच्याकडे सगळं स्टीलचं होतं."

नैनाने चमचा चाटला नव्हता. तरी आश्लेषा तिचे तोंड पुन्हा पुन्हा धुवत राहिली. पाक सिंकमध्ये गेला. स्टीलच्या पातेल्यात नवा झाला, आणि पाहुण्यांनी बोटे चाटून खाल्ला. मी गॅरेजात आले. मला राग नाही; पण नैनाचा तो चमचा अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

मित्रांनो, जुनी भांडी बाहेरून घासता, तशी आतूनही पाहा. पांढरा थर गेला असेल, तर त्यांत आंबट शिजवू नका. आणि 'कळकणे' म्हणजे काय, ते आजच आजीला विचारून ठेवा. तो शब्द माहीत असलेले माणूस दर वेळी वेळेवर घरी पोचेलच, असे नाही.